किडीचं ताट आणि आपला विज्ञानाचा तास



पावसाळ्यात रव्याचा डबा महिनाभर उघडला नाही तर काय होतं, हे उलव्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. रव्याच्या गुठळ्या होतात, आत बारीक जाळी धरते आणि एखादी पांढुरकी अळी वळवळताना दिसते. आपण नाक मुरडतो आणि डबा रिकामा करतो. अशी जाळी विणणाऱ्या किडींपैकी एक म्हणजे कोरसायरा नावाच्या करड्या पतंगाची अळी. आता गंमत बघा. जिला आपण घराबाहेर काढतो, तिलाच कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमध्ये मुद्दाम वाढवतात. भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, त्यात शेंगदाण्याचा कूट, थोडं यीस्ट. अगदी पाहुण्याला वाढावं तसं.

हे वर्गात सांगितलं की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : "किडीला जेवू कशाला घालायचं? मारून टाकायचं ना!" पालकही हेच विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या उत्तरात विज्ञानाचा एक मोठा धडा दडलेला आहे, आणि तोच आपल्या तासांमधून निसटतो आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तो धडा म्हणजे दोन गोष्टींची न्याय्य तुलना कशी करायची.

शत्रूला जेवू का घालायचं?

पहिलं कारण, मित्रकीटक तयार करण्यासाठी. ट्रायकोग्रामा नावाची एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी आहे, इतकी लहान की टाचणीच्या टोकाशी तुलना करावी. ती दुसऱ्या पतंगांच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून अळी बाहेर पडतच नाही, बाहेर पडते नवी ट्रायकोग्रामा. उसाच्या खोडकिडीविरुद्ध शेतकरी तिचा उपयोग करतात. पण ही माशी वाढवायची तर तिला रोज ताजी अंडी हवीत. ती येतात कोरसायरापासून. ही अंडी कागदी पट्टीवर चिकटवून त्यावर ट्रायकोग्रामा सोडतात. यालाच ट्रायकोकार्ड म्हणतात. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. म्हणजे जाळीवाली अळी नीट जेवली तरच उसाचा राखणदार तयार होतो.

दुसरं कारण, किडीवरचा विषाणू तयार करण्यासाठी. हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसलेली घाटेअळी आपण भाजीबाजारात कधीतरी पाहिलेली असते. तूर, टोमॅटो, कापूस, सगळ्यांवर तिची धाड असते. कापसावर तिलाच हिरवी बोंडअळी म्हणतात. तिला मारणारा एक विषाणू आहे, एचएएनपीव्ही. हा विषाणू फक्त जिवंत अळीच्या शरीरातच वाढतो. म्हणून आधी अळी वाढवायची, मग तिला विषाणू खायला द्यायचा आणि मेलेल्या अळ्यांपासून फवारणीचं औषध करायचं. या औषधाचं माप एलई नावाच्या एककात सांगतात, म्हणजे 'एका अळीइतकं'. १ एलई म्हणजे ६०० कोटी विषाणूकण. अळी किडकिडीत राहिली तर तिच्यातून विषाणूही कमीच मिळणार.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे चाचणी घेण्यासाठी. एखादं औषध किंवा बीटी कापसातलं विषारी प्रथिन किडीवर अजून चालतं का, हे पाहायचं तर ते प्रथिन अळीच्या खाण्यात मोजून मिसळावं लागतं. म्हणजे ते खाणं आधी खात्रीचं हवं.

ताटात काय असतं?

घाटेअळीचं प्रयोगशाळेतलं जेवण ऐकलं तर ती एखाद्या वडीची पाककृती वाटेल. मुख्य घटक हरभऱ्याचं पीठ. घट्टपणासाठी अगर, म्हणजे आपल्या वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास. सोबत यीस्ट, क जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वं. बुरशी येऊ नये म्हणून सॉर्बिक आम्लासारखे पदार्थ. जॅमच्या बाटलीवरचं लेबल मुलांना वाचायला लावा, यातली काही नावं तिथेही सापडतील. हे सगळं शिजवून, थोडं निवल्यावर जीवनसत्त्वं घालून, छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये ओततात. एका कप्प्यात एकच अळी. कारण या अळ्या थोड्या मोठ्या झाल्या की एकमेकींना खातात!

आता प्रश्न येईल की एवढा खटाटोप कशाला, सरळ पानं आणि शेंगा का देत नाहीत? कारण ताजा पाला बारा महिने मिळत नाही. त्यावर आधी कुणी फवारणी केली होती का, हे कळत नाही. आणि कोवळं पान व जून पान यांतला कस सारखा नसतो. आज एक, उद्या दुसरं असं खाणं दिलं, तर अळीत झालेला बदल कशामुळे झाला हे सांगणार कसं?

कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची तर वेगळीच अडचण. ती बोंडाच्या आत शिरून सरकी खाते, त्यामुळे तिचं वाढणं डोळ्यांना दिसतच नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमध्ये एर्मा व्हँडरझँट या शास्त्रज्ञ बाईंनी या अळीसाठी कृत्रिम खाद्य तयार करण्याचं मोठं काम केलं. पुढे गव्हाच्या दाण्यातला अंकुर वापरून केलेलं खाद्य प्रचलित झालं आणि ही अळी लाखोंनी वाढवणं शक्य झालं. मग अमेरिकेने तिचे पतंग किरणोत्सर्गाने वांझ करून शेतात सोडले. शेतातला पतंग कोणता आणि आपण सोडलेला कोणता, हे ओळखायचं कसं? अळीच्या खाण्यातच लाल रंग मिसळायचा. तो रंग पतंगाच्या शरीरात उतरतो. सापळ्यात सापडलेला पतंग चिरडून पाहिला की आत लाल दिसतो. वांझ पतंग, बीटी कापूस, कामगंध सापळे, हंगाम संपल्यावर कापसाचे अवशेष नष्ट करणं, हे सगळे उपाय एकत्र राबवून २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

कोणतं ताट चांगलं, हे ठरवायचं कसं?

समजा दोन खाद्यं आहेत. एक हरभऱ्याच्या पिठाचं, दुसरं सोयाबीनच्या पिठाचं. कोणतं चांगलं? मुलांना विचारा. बहुतेक जण म्हणतील, "ज्यावर अळी जास्त जाड होईल ते."

शास्त्रज्ञ एवढ्यावर थांबत नाहीत. ते बऱ्याच गोष्टी मोजतात. अळीचा काळ किती दिवसांचा झाला? शंभरातल्या किती अळ्या कोषात गेल्या? कोषाचं वजन किती भरलं? किती कोषांतून धडधाकट पतंग बाहेर आले आणि किती पंख वाकडे झालेले? एका मादीने किती अंडी दिली? त्यातली किती उबली? एखाद्या खाद्यावर अळी छान जाडजूड होते पण कोषातच मरते. एखाद्यावर पहिली पिढी झकास निघते आणि तिसऱ्या पिढीत अंडीच उबत नाहीत. म्हणून एका पिढीवर निकाल देत नाहीत. सोबत नैसर्गिक खाद्यावर वाढलेला एक गट असतोच, तुलनेला. शिवाय खर्चही पाहावा लागतो. शेतकऱ्याला परवडणारं ट्रायकोकार्ड महागड्या खाद्यातून निघणार नाही.

आणि हे सगळं सारख्याच परिस्थितीत. तापमान २५ ते २७ अंश, दमटपणा ठरावीक, दिवाबत्तीचे तास ठरलेले, अळ्या एकाच वयाच्या. एकाच गोष्टीत फरक : ताटात. बाकी सगळं समान ठेवलं तरच म्हणता येतं की फरक ताटामुळे पडला.

आपण पालक म्हणून मुलाची शेजारच्या मुलाशी तुलना करतो, तेव्हा यातली किती पथ्यं पाळतो? हा प्रश्न मी इथेच सोडून देतो.

साधं ताट विसरलो तर

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, बीटीचं प्रथिन मिसळलेल्या खाद्यावर १०० अळ्या सोडल्या आणि ६० मेल्या. प्रथिन साठ टक्के चाललं असं म्हणायचं का? नाही! आधी साध्या खाद्यावरच्या, म्हणजे काहीही न मिसळलेल्या खाद्यावरच्या १०० अळ्यांकडे बघा. तिथेही २० मेल्या असतील तर? त्या खाद्य निकृष्ट होतं म्हणून, बुरशी आली म्हणून किंवा हाताळताना मेल्या. म्हणजे एरवी जगणाऱ्या ८० अळ्यांपैकी ४० प्रथिनाने मेल्या. खरा परिणाम ५० टक्के. १९२५ मध्ये अ‍ॅबट या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने मांडलेलं हे सूत्र आजही जगभर वापरतात. आठवीच्या मुलाला सहज जमेल असं गणित आहे :

(औषधाने मेलेल्यांची टक्केवारी − साध्या खाद्यावर मेलेल्यांची टक्केवारी) ÷ (१०० − साध्या खाद्यावर मेलेल्यांची टक्केवारी) × १००

साध्या खाद्यावरच खूप अळ्या मेल्या, तर ती चाचणीच बाद धरतात. कारण खराब ताट खोटी ग्वाही देतं. अळ्या भुकेने किंवा बुरशीने मरतात आणि आपल्याला वाटतं, औषध चालतंय. किडीत आलेली प्रतिकारशक्ती झाकली जाते.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन प्रथिनं असलेलं पुढचं वाण आलं. गुजरातमधल्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं. पुढे काही वर्षांत ती दुसऱ्या प्रथिनालाही पुरून उरली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी हे कसं तपासतात? शेतातून बोंडं आणायची, अळ्या गोळा करायच्या, त्यांची पुढची पिढी वाढवायची आणि मोजून प्रथिन मिसळलेल्या खाद्यावर व साध्या खाद्यावर सोडायची. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या बियाण्याबद्दलचा निर्णय शेवटी एका छोट्या कप्प्यातल्या जेवणावर येऊन टेकतो.

२०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कापूस अक्षरशः पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. या मृत्यूंमागे बरीच कारणं होती : औषधांची मिश्रणं, संरक्षक कपड्यांचा अभाव, उंच वाढलेलं पीक. त्याचं खापर एका अळीवर फोडता येणार नाही. पण एवढं खरं, की कोणतं औषध चालतं आणि कोणतं चालत नाही हे वेळेवर आणि नेमकं कळणं, ही शेतकऱ्याच्या जिवाची गोष्ट आहे. उलव्यातल्या आपल्या वर्गांत विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या घरांतली मुलंही बसलेली असतात. त्यांच्या मामाच्या गावाला हा कापूस आहे.

मग आपण शाळेत काय करतो?

खरं सांगायचं तर आपल्या विज्ञान प्रदर्शनांत तुलना फार कमी दिसते. थर्माकोलचा ज्वालामुखी, चकचकीत पवनचक्की, रंगवलेली सूर्यमाला. बरेचदा पालकांनी रात्री जागून केलेली, कधी दुकानातून तयारच आणलेली. मुलाला विचारावं, "तू यात शोधलंस काय?" तर उत्तर नाही. बक्षीस मात्र देखणेपणाला.

माझं म्हणणं असं, की वर्षातून एक तरी प्रयोग असा असावा ज्याचं उत्तर शिक्षकालाही पाठ नाही. आणि त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पिठात होणारे तांबूस, चपटे, बारीक किडे पुरेत. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच कीटक अभ्यासतात. २००८ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, भुंग्यांमध्ये सर्वांत आधी.

प्रयोग असा :

१. चार पिठं घ्या : गव्हाचं, तांदळाचं, ज्वारीचं आणि बेसन. ती तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे आधीपासून असलेली अंडी मरतील. मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

२. सारख्या आकाराच्या बारा बरण्या घ्या. प्रत्येक पिठाच्या तीन. प्रत्येकीत मोजून ५० ग्रॅम पीठ. तीन का? कारण एक बरणी योगायोगानेही चांगली किंवा वाईट निघू शकते. तिन्ही एकच गोष्ट सांगू लागल्या तर विश्वास ठेवायला जागा आहे.

३. प्रत्येक बरणीत १० मोठे किडे सोडा. सगळे एकाच डब्यातले. तोंडाला मलमलचं कापड आणि दोन रबर. आठवड्याने ते दहाही चाळून काढा. अंडी आत राहतील.

४. सगळ्या बरण्या एकाच कपाटात, एकाच फळीवर ठेवा. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर खिडकीजवळच्या तीन बरण्या एकाच पिठाच्या निघतील.

५. पुढचे सहा-सात आठवडे दर आठवड्याला नोंद करा. अळ्या कधी दिसल्या, कोष कधी, नवे किडे कधी आणि किती. सुरुवात करण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहून सही करायची. नंतर खाडाखोड नाही.

निकाल काय येईल हे मी इथे लिहिणार नाही. तो मुलांचा हक्क आहे. फक्त एक काळजी घ्या. 'कोणत्या पिठात जास्त किडे' आणि 'कोणत्या पिठात लवकर किडे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर मुलं भांडतील. भांडू द्या. विज्ञान तिथेच सुरू होतं. सरासरी, शेकडेवारी, आलेख, सगळं गणित आपोआप येईल. आणि पुस्तकातलं कीटकाचं जीवनचक्र डोळ्यांसमोर घडेल.

पालकांच्या शंका

"घाण आहे हो, किडे कशाला?" हे किडे आपल्याच डब्यातले आहेत, बाहेरून आणलेले नाहीत. तरी प्रयोगानंतर हात साबणाने धुवायचे आणि ते पीठ खाण्यासाठी कदापि वापरायचं नाही. पीठ चाळताना तोंडाला मास्क लावावा. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला चाळण्याऐवजी नोंदीचं काम द्यावं.

"किडे घरभर झाले तर?" कापड घट्ट बांधलं आणि मोजणी मोठ्या ताटात केली तर होत नाहीत. संपल्यावर बरण्या कापडासकट आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मगच रिकाम्या करायच्या. एक नियम मात्र पक्का : शेतातली कोणतीही कीड शाळेत आणून वाढवायची नाही आणि वाढवलेली बाहेर सोडायची नाही. ते काम प्रशिक्षित लोकांचं आणि बंदिस्त प्रयोगशाळेचं.

"जीवहत्या नाही का ही?" काही घरांत हा प्रश्न मनापासून विचारला जातो. त्याला हसू नका. मुलांशी बोला. लागतील तेवढेच किडे घ्यायचे, विनाकारण चिरडायचे नाहीत, मोजायच्या नावाखाली खेळ करायचा नाही. ज्या मुलाला नको असेल त्याला आलेख काढू द्या. संवेदनशीलता हाही प्रयोगाचा भागच आहे.

"याला मार्क किती?" याचं माझं उत्तर असं, की मार्क नोंदवहीला द्या, निकालाला नको. अंदाज चुकला पण नोंदी प्रामाणिक आहेत, अशा मुलाला पूर्ण मार्क. हे एकदा मुलांना कळलं की आकडे 'बसवायची' सवय सुटते.

उलव्यातून हे का म्हणतो

आपलं उलवे म्हणजे आज सेक्टर, टॉवर आणि शेजारी विमानतळ. पण याच जमिनीवर भातशेती होती, खाडी होती. विमानतळासाठी टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं हलली. आपल्या मुलांना तांदूळ ॲपवरून येतो. भाताचं खोड पोखरणारा खोडकिडा त्यांच्या पणजोबांना नावानिशी माहीत होता. मुलांनी शेतीच करावी असं मी म्हणत नाही. पण आपल्या ताटातलं अन्न कुणीतरी किडीशी झुंजून वाचवलेलं असतं, आणि त्या झुंजीत मोजमापाला किंमत असते, एवढं त्यांना समजावं. कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आणि पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र आपल्यापासून लांब नाहीत. सहलीला रिसॉर्टच्या ऐवजी एकदा परवानगी काढून तिथे जाऊन बघा. शास्त्रज्ञांना विचारायचे प्रश्न मुलांनीच लिहून न्यावेत.

उद्या हीच मुलं मोठी होतील. 'या पावडरने उंची वाढते', 'या क्लासमुळे नव्वद टक्के मुलं पास', 'या औषधाने सगळे बरे झाले', असे दावे त्यांच्यावर रोज आदळतील. तेव्हा त्यांनी फक्त एक प्रश्न विचारावा : ज्यांना हे दिलं नव्हतं, त्यांचं काय झालं? हा प्रश्न विचारायची सवय भाषणाने लागत नाही. ती बारा बरण्या आणि सात आठवड्यांच्या नोंदींनी लागते.

तर शिक्षकांनो, येत्या सत्रात एक कपाट रिकामं ठेवा. आणि पालकांनो, घरात पीठ चाळताना किडे सापडले तर फेकू नका. कापड बांधलेल्या बरणीत घालून शाळेत पाठवा.